अंगणातली चमकणारी खडी: आधी दगड ओळखा

मा. संपादक,

पाऊस ओसरला की घरांच्या अंगणांत, हॉटेलांच्या वाटांवर, तुळशीवृंदावनाभोवती चमकणारी खडी घालण्याची कामे निघतात. दुकानात तिला सरसकट ‘मायका स्टोन’ म्हणतात; मायका म्हणजे अभ्रक. या एका नावाखाली दोन वेगळे दगड विकले जातात आणि गोव्याच्या पावसात त्यातला एकच टिकतो.

पहिला अभ्रकी शिस्ट. याच्यात अभ्रकाचे पापुद्रे एकाच दिशेला रचलेले असतात, म्हणून उन्हात अख्खा खडा रुपेरी दिसतो आणि गिऱ्हाईक त्यालाच भुलते. अभ्रकाची कठीणता मोहसच्या 1 ते 10 या मापात जेमतेम 2.5, म्हणजे नखाइतकीच, आणि पापुद्र्यांची एकमेकांवर पकड फार कमी. चाक फिरले की या खड्याचे पदर सुटतात. हे चपटे कण वाळूसारखे चटकन तळाला बसत नाहीत. पाण्याबरोबर जाऊन गटाराच्या जाळीवर आणि खडीखालच्या कापडावर साचतात आणि निचरा तुंबतो. आपल्या खाणपट्ट्यातला फायलाइट (शिस्टसारखाच, पण बारीक कणांचा दगड) हाताळला की बोटांना रेशमी झाक लागते, ती बारीक अभ्रकाचीच. तो दगड पावसात कसा चिखल होतो, हे तिथल्या माणसांना सांगायला नको.

दुसरा ग्रॅनाइट किंवा नाइस (ग्रॅनाइटसारखाच, पण पट्टेदार दगड). क्वार्ट्झ आणि फेल्डस्पारच्या घट्ट दाण्यांत अभ्रकाचे ठिपके. चमक बेताची, पण क्वार्ट्झची कठीणता 7. अंगणाला हाच घ्यावा. ‘सोनेरी मायका’ म्हणून जे मिळते ते बहुधा झिजू लागलेले काळे अभ्रक, बायोटाइट. त्यात लोह असते. शेजारी पांढरी फरशी असेल तर गंजाचे डाग धरून चाला.

परीक्षा सोपी आहे. पांढऱ्या बादलीत मूठभर खडी आणि पाणी घालून काठीने दोन मिनिटे जोरात ढवळा. पाच मिनिटांनीही पाणी चकाकत राहिले तर माल परत करा. दोन खडे एकमेकांवर घासून पदर सुटतात का, तेही पाहा.

दहा चौरस मीटरवर 5 सेंमी थर घालायला अर्धा घनमीटर खडी लागते, म्हणजे साधारण पाऊण टन. आकार 10 ते 20 मिमी. त्याहून बारीक खडी चपलेला चिकटून घरात येते. आधी माती 15 सेंमी काढा, मीटरला 2 सेंमी उतार घराबाहेर द्या, 10 सेंमी साधी खडी ठोकून बसवा, वर पाणी झिरपू देणारे जिओटेक्स्टाइल कापड. सांध्यावर 30 सेंमी चढवणी हवी. कडेला चिरे लावा, खडीच्या पातळीपेक्षा 2-3 सेंमी वर. कापडाऐवजी प्लास्टिक अंथरले की खाली पाणी साचून राहते. इथे एवढ्यानेच डासांची सोय होते. पागोळ्यांखाली मात्र ही खडी नको. पहिल्याच सरीत तिथे खळगा पडतो. तिथे 40 मिमीचे जाड दगडच टिकतात.

खडी कोरडी झाडू नका, आधी पाणी मारा. त्या धुळीत क्वार्ट्झ असतो आणि तो फुप्फुसांत बसतो. उरलेला चुरा गवंडी गिलाव्याच्या वाळूत ढकलायला पाहतो. तोही थांबवा: चपटे अभ्रक जास्त पाणी मागते आणि सिमेंटची पकड सैल करते. कुंड्यांतला चमकणारा व्हर्मिक्युलाइट याचाच भाऊबंद, पण तो तापवून फुगवलेला असतो. त्याची जागा कुंडीतच.

आता विक्रेत्यांबद्दल. 2015 साली केंद्राने अभ्रक गौण खनिजांत टाकले आणि त्याचे परवाने आणि नियम राज्यांकडे गेले; फेब्रुवारी 2025 मध्ये केंद्राने ते पुन्हा प्रमुख खनिजांत घेतले. झारखंडात कोडरमा-गिरिडीह भागात जुन्या खाणींच्या ढिगाऱ्यांतून ‘ढिबरा’, म्हणजे अभ्रकाचे टाकाऊ तुकडे, वेचला जातो, त्यात मुलेही राबतात. म्हणून शोभेसाठी सुटे अभ्रक किंवा त्याची चमकी घेताना माल कुठल्या राज्यातला आणि कुठल्या परवान्यावर आला, हे विचारलेच पाहिजे. खडीच्या बिलावर ‘मायका स्टोन’ एवढेच न लिहिता दगडाचे नाव, आकार आणि मूळ ठिकाण लिहून द्यावे. ग्राहकांनीही तसे बिल मिळाल्याशिवाय गाडी रिकामी करून घेऊ नये.

– एक वाचक, फोंडा