शनिवारी चियातेर, सकाळी ६ ला निघायचंय!

मंडळी, चियातेरच्या गरम पाण्याच्या झऱ्यांची ट्रिप पक्की. बांडुंगहून ६ म्हणजे ६ लाच निघू, कारण नंतर लेम्बांगच्या रस्त्यावर वीकेंडचं ट्रॅफिक इतकं लागतं की अर्धा दिवस गाडीतच जातो. पाणी तांकुबान पराहु ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेलं, गंधकाचं आणि चांगलंच अ‍ॅसिडिक आहे, त्यामुळे चांदीचे पैंजण, अंगठ्या घरीच ठेवा, काळ्या पडतात, आणि डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नका, मुलांना तर आधीच सांगून ठेवा. एका वेळी १०-१५ मिनिटंच बसायचं. बीपी, हार्टचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर प्लीज डॉक्टरांना विचारूनच उतरा. वरती चहाच्या मळ्यांत मस्त गारवा असतो, स्वेटर, टॉवेल आणा. नावं गुरुवारपर्यंत कळवा, गाड्या ठरवायच्यात.