भाताचं संशोधन गावमंडळांच्या सभेत आणा

महोदय,

खरीप जवळ आला की सुधारित तंत्राने भातशेती करा, असं आवाहन दरवर्षी वाचायला मिळतं. ते तंत्र शेतकऱ्याला दाखवायचं कोणी, हे मात्र त्यात बहुधा नसतं.

कोकणातल्या कितीतरी घरांच्या शेतीचा निर्णय मुंबईत होतो. बियाण्याचे पैसे, पॉवर टिलरचं भाडं, लावणीची मजुरी इथून जाते. खत कोणतं आणायचं तेही फोनवर ठरतं आणि सवयीने युरियाच सांगितला जातो. आमच्या खाचरात तो आजही साचलेल्या पाण्यात फोकला जातो. पुढच्या मोठ्या सरीला पाणी बांध ओलांडतं, खतही त्याबरोबर निघून जातं. उरलेल्यातला काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो.

यावर उपाय केव्हाच सापडला आहे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत तुसाची राख रोपवाटिकेत आणि पेंढा खाचरात परत जातो, चिखलणीआधी गिरिपुष्पाचा पाला घातला जातो आणि 15 व 25 सेंटिमीटर अंतराने आलटून पालटून लावणी होते. मग त्याच दिवशी चार चुडांच्या, म्हणजे एकत्र लावलेल्या रोपांच्या चार जुड्यांच्या, मधोमध युरिया-डीएपी खताची 2.7 ग्रॅमची एक गोळी हाताने खोल चिखलात खोचायची. तिथे नत्र मातीच्या कणांना धरून राहतं आणि रोपाला हळूहळू मिळतं. काम साधं आहे, पण बघितल्याशिवाय हात धजावत नाही. शिवाय गोळी ऐन लावणीला गावच्या दुकानात नसेल, तर सगळं ज्ञान कागदावरच राहतं. आमच्याकडे नेमकं हेच होतं.

नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राइस तंत्र त्याहून पुढे जातं. त्यात उंच गादीवाफ्यावर बी टोकतात. चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू देतात, त्यामुळे सेंद्रिय कर्ब वाढतो. मजूर मिळत नाहीत म्हणून जमीन पड टाकणाऱ्यांनी हे पाहायलाच हवं.

माझी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाला आणि कृषी विभागाला कळकळीची विनंती आहे. मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या गावमंडळांच्या सभा होतच असतात. एप्रिल-मे महिन्यांत तिथे शास्त्रज्ञ पाठवा. पाणी लवकर आटणाऱ्या वरकस जमिनीला कर्जत-3 सारखं हळवं, म्हणजे लवकर तयार होणारं भात का आणि पाणथळीला कर्जत-2 सारखं गरवं, म्हणजे उशिरा तयार होणारं का, हे समोर बसून समजावून सांगा. कर्जतचं भात संशोधन केंद्र तर लोकलने गाठता येतं. कापणीआधी एका रविवारी ते चाकरमान्यांना उभं पीक बघण्यासाठी खुलं ठेवा. आणि गावात कुणाच्या शेतात काय साधलं, काय फसलं, त्याची नोंद मंडळांकडून मागून घ्या. ती द्यायला लोक आनंदाने तयार होतील.

– एक वाचक, भांडुप, मुंबई