उद्यमबागेतल्या काकांना, कट्ट्याच्या अँगलबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आमच्या स्केटबोर्डच्या कट्ट्याला लोखंडी अँगल बसवून देणारे काका कोण, ते बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत ज्यांचं येणं-जाणं आहे ते ओळखतीलच.

बेळगावला रोलर स्केटिंग नवं नाही. रिंकवर चाकांचे बूट घालून फिरणारी मुलं बघायला आईबाप हौसेने येतात. स्केटबोर्डचं तसं नाही. त्याला पायऱ्या, कठडे, कट्टे लागतात, आणि कट्टा म्हटला की मालक आला, वॉचमन आला. टिळकवाडी, कॅम्प, शहापूर सगळीकडून हाकलून घेतल्यावर तिसऱ्या रेल्वे गेटापलीकडे एका मित्राच्या वडिलांच्या बंद गोदामापुढचा कोबा मिळाला. शहाबादीसारखे सांधे नाहीत, हे त्याचं मोठं सुख. बोर्डाची चाकं ५२-५४ मिलिमीटरची आणि कडक. बारीक खडा आडवा आला तरी बोर्ड जागीच थांबतो, माणूस पुढे जातो.

कट्टा आम्हीच बांधला. पण चाकं धरणारा ट्रक कडेवर घासत न्यायचा असतो, तिथे नुसता गिलावा टिकत नाही. लोखंडी अँगल हवा होता. दोन-तीन दुकानांत विचारलं, तर ‘मोठं माणूस घेऊन या’ म्हणाले. फक्त तुम्ही विचारलंत, “काय करूलास रे ह्याचं?” आणि बोर्ड हातात घेऊन उलटा केलात.

मग तुम्ही स्वतः येऊन माप घेतलंत. अँगल नुसता चिकटवला तर निघेल, म्हणून मागे होल्डफास्ट, म्हणजे पकड धरणाऱ्या लोखंडी पट्ट्या, वेल्ड करून त्या सिमेंटात गाडायला लावल्यात. दोन तुकड्यांचा जोड ग्राइंडरने इतका सपाट केलात की नखही अडकत नाही. कोपरा थोडा गोल केलात, ‘नडगी फुटंल’ म्हणून. बोर्ड नीट घसरावा म्हणून वर मेणबत्ती घासायची एवढंच आम्ही तुम्हाला शिकवलं. बाकी सगळं उलट्या बाजूने आलं.

बेअरिंगचंही तसंच. बोर्डाच्या बेअरिंगवरचे आकडे बघून आम्ही ऑनलाइन महागडी मागवायचो. तुम्ही सांगितलंत, ही ६०८ आहे, आतून ८, बाहेरून २२, रुंदी ७ मिलिमीटर, लहान मोटारीत बसते तीच; गावातल्या बेअरिंगच्या दुकानात मिळते. पत्र्याच्या झाकणाची नको, रबरी झाकणाची घ्या, झाकण टाचणीने निघतं. रॉकेलने धुवायची, सुकवायची, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. बेळगावचा पाऊस चार महिने बोर्ड कोपऱ्यात बसवतो, त्यात न धुतलेली बेअरिंग गंजून आवळतातच. आता खानापूर, निपाणीहून येणारी पोरंही आमच्याकडून हेच शिकून जातात. मराठी, कन्नड, उर्दू, ज्याला जी जमेल तीत.

या खेळाने काय मिळतं, असं तुम्ही एकदाच विचारलंत. तेव्हा आम्ही तोक्यो ऑलिंपिकचा व्हिडिओ लावला. २०२१ साली स्केटबोर्डिंग पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये आलं आणि जपानच्या १३ वर्षांच्या मोमिजी निशियाने स्ट्रीट, म्हणजे पायऱ्या-कठड्यांवरच्या प्रकारात सोनं घेतलं. ती रेलिंगवरून घसरत गेली, आम्ही ओरडलो. तुम्ही म्हणालात, “पाइपाचा जोड कुठं दिसत न्हाई बघ.” खरं सांगू, ते वाक्य आम्हाला पदकापेक्षा जास्त आवडलं.

स्केटपार्क नाही म्हणून आम्ही पुष्कळ कुरकुर करतो, पुढेही करू. पण ज्याने कधी बोर्डावर पाय ठेवला नाही, त्याने आमचा खेळ ऑर्डरच्या कामाइतकाच चोख करून दिला. घरच्यांनीही तो इतका मनावर घेतला नव्हता. त्याबद्दल मनापासून आभार.

मजुरी तुम्ही घेतली नाहीत, लोखंडाचे पैसेही अर्धेच. म्हणून तुमच्या पोराकडे ग्राइंडरच्या चार इंची डिस्कचं खोकं देऊन ठेवलंय. परत पाठवू नका. आणि पुढच्या महिन्यात चौकोनी पाइप घेऊन येतोय, बुटक्या रेलिंगसाठी. त्याची पूर्ण मजुरी घ्यायची, आधीच सांगून ठेवतो.

तुमची,
गोदामावरची पोरं