सात गावं नकोत, तीन पुरेत

कोल्हापूर

चि. सौरभ यास,
अनेक आशीर्वाद. मुग्धालाही सांग.

आपल्या चौघांच्या इटलीच्या सहलीचा, तू म्युनिकहून पाठवलेला तक्ता मिळाला. रंग छान दिलेस. फोनवर बोलायला गेलं की तू "बरं आई, बघतो" म्हणतोस आणि विषय तिथेच संपतो, म्हणून सविस्तर लिहिते. वाचून मुग्धाशी बोल आणि मगच तिकिटं काढ.

11 रात्री आणि सात गावं. मिलान एक, व्हेरोना एक, व्हेनिस एक, फ्लॉरेन्स दोन, चिंक्वे तेर्रे दोन, रोम दोन, सोरेंटो दोन. बेरीज बरोबर आहे, बँकेतली सवय म्हणून तेवढी आधी तपासली. पण तू रात्री मोजल्यास, दिवस नाही मोजलेस.

गाव बदलायचा दिवस कसा जातो बघ. सकाळी उठून चार्जर गोळा करायचे, बाबांच्या गोळ्यांचा डबा वरच्या कप्प्यात आहे ना ते बघायचं, दहा-साडेदहाला खोली सोडायची आणि बॅगा ओढत स्टेशन गाठायचं. फलाटाचा नंबर गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी बोर्डावर लागतो, तोवर माना वर करून उभं राहायचं. गाडी दोनच तासांची असते, कबूल. पण पुढच्या गावी खोली बहुतेक ठिकाणी दोन-तीनच्या आधी मिळत नाही. मग बॅगा ठेवायची सोय शोधा, जेवायची जागा शोधा, खोलीची किल्ली घ्या. जरा पाठ टेकावी म्हटलं तर चार वाजलेले. असं सहा वेळा करायचं आहे. तुम्ही दोघं पाठीला सॅक लावून निघालात तर निभेल. आमच्या दोन मोठ्या बॅगा आणि बाबांचा उजवा गुडघा बरोबर असताना निभायचं नाही. दोन दिवसांत अष्टविनायक उरकणारे देवळासमोर हात जोडतात आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला की पळतात, तसं होईल.

आता तक्त्यातली मोठी अडचण. फ्लॉरेन्सला आपण रविवारी संध्याकाळी पोचतो आणि मंगळवारी सकाळी निघतो. म्हणजे हातात अख्खा दिवस एकच, सोमवार. आणि सोमवारी उफ्फित्सी हे चित्रांचं म्युझियम बंद, मायकेलँजेलोचा डेव्हिडचा पुतळा आहे ते अकादेमिया म्युझियमही बंद. दोन रात्रींचे पैसे भरून दोन्ही ठिकाणी बंद दारं बघायची! मी मैत्रिणींबरोबर टूरने गेले होते तेव्हा आमचं असंच झालं. दुपारी बसमधून उतरवलं आणि संध्याकाळी परत चढवलं. पियाझा देल्ला सिन्योरियातल्या डेव्हिडसमोर सगळ्यांनी फोटो काढले. तो मूळ पुतळा नव्हेच. मूळ पुतळा 1873 मध्येच अकादेमियात हलवला, चौकात आहे ती नंतर बसवलेली प्रतिकृती. टूरवाल्यांनी अवाक्षर काढलं नाही.

शेवटचा सोमवारही बघ. सोरेंटोहून नेपल्सची लोकल तासाभराची, नेपल्स ते रोम वेगवान गाडीने सव्वा तास, रोमच्या तेर्मिनी स्टेशनहून विमानतळावर अर्धा तास, आणि त्याच दिवशी आमचं मुंबईचं विमान. त्या लोकलचा एखाद्या दिवशी संप असला की संपलंच. विमानाच्या आदली रात्र विमानतळाच्याच शहरात काढायची, यावर वाद नको.

मी मांडलंय ते असं: गुरुवार, शुक्रवार, शनिवार व्हेनिस. रविवार ते बुधवार चार रात्री फ्लॉरेन्स. गुरुवार ते रविवार चार रात्री रोम. सोमवारी विमान. रात्री तेवढ्याच, मधे बॅगा फक्त दोनदा उचलायच्या. व्हेनिस ते फ्लॉरेन्स दोन तासांहून थोडं जास्त, फ्लॉरेन्स ते रोम दीड तास. सुरुवात व्हेनिसपासून, कारण म्युनिकहून ब्रेनर खिंडीतून उतरणारी गाडी व्हेरोनाला येते आणि तिथून व्हेनिस सव्वा तासावर. आमचं विमानाचं तिकीट जाताना मुंबई-म्युनिक आणि येताना रोम-मुंबई असं एकत्रच काढ, म्हणजे रोमहून पुन्हा म्युनिकला यायला नको.

व्हेनिसला तू बेटावर नाही, अलीकडे जमिनीवरच्या मेस्त्रेत हॉटेल धरलंयस, स्वस्त म्हणून. मेस्त्रेहून गाडी दहा-बारा मिनिटांत व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनला पोचते, हे खरं. पण दिवसाच्या सहली परतल्या की संध्याकाळी व्हेनिस मोकळं होतं, आणि नेमकं तेव्हा आपण मेस्त्रेच्या फलाटावर असणार. बेटावरच राहू, पण जागा नीट बघून घे. तिथे 400 च्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. सांता लुचियातून बाहेर पडून पुलाकडे न वळता डावीकडे गेलं की लिस्ता दी स्पान्या नावाचा सपाट रस्ता लागतो. त्याच रस्त्यावर, पुढचा गुल्ये पूल यायच्या आत हॉटेल बघ. बॅग एकदाही उचलावी लागणार नाही. वापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या बोट-बसच्या, एका फेरीला साडेनऊ युरो पडतात, तेव्हा पासच काढ. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमध्ये थांबत थांबत जाते, बाबांना तीच बरी. मुग्धाला लेस बघायचीय ना, तिच्यासाठी बुरानो बेटाला अर्धा दिवस ठेव. मुरानोला काचेच्या दुकानात शिरलो की बाबा भाव करणार आणि मला लाज वाटणार, ते वगळलं तरी चालेल.

फ्लॉरेन्सला चार रात्री का, हे तू विचारणारच. एक तर सोमवार त्यात धरलाच आहे. त्या दिवशी पिसा आणि लुक्का. पिसाला साध्या रीजनल गाडीने तास-सव्वा तास लागतो. तुझ्या कलत्या मनोऱ्यासाठी तिथे रात्र काढायची गरज नाही. मनोरा बघायला अर्धा तास पुरतो. मग लुक्काच्या तटावरून सावकाश फिरू, तट रुंद आहे आणि वर झाडं आहेत.

दुसरं कारण मंगळवारचं, आणि ते माझ्यासाठी आहे. आर्नो नदीच्या काठाने कास्चिने नावाची लांबच लांब बाग आहे. तिच्या अगदी पश्चिम टोकाला, मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचं स्मारक आहे. शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम ते वेगळे, हे त्यांच्या आधीचे. इंग्लंडहून परत येताना फ्लॉरेन्सला 30 नोव्हेंबर 1870 रोजी वारले. वय अवघं वीस. तिकडे दहन करायची रीत नव्हती, खास परवानगी काढून दोन नद्यांच्या संगमावर अग्नी दिला. 1874 मध्ये तिथे छत्री उभी राहिली, तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा, आपला न्यू पॅलेस ज्याने आखला तोच. जवळच्या मोठ्या पुलाला आज तिथले लोक पोंते आल्लिंदियानो म्हणतात, म्हणजे त्या हिंदी माणसाचा पूल. टूरमध्ये मी गाइडला विचारलं तर त्याला ठाऊकच नव्हतं आणि बसला उशीर होत होता. कोल्हापूरचं माणूस फ्लॉरेन्सला जाऊन तिथे न जाता परत येतं, हे मला पटत नाही. बाग तीन किलोमीटरच्या वर लांब आहे, म्हणून बाबांसाठी टॅक्सीने थेट त्या टोकाला जाऊ. आणि मंगळवारी सकाळी बागेत आठवडी बाजार भरतो. येताना तिथे उतरून फळं, चीज, काय हवं ते घेऊ. म्हणून फ्लॉरेन्सला हॉटेल नको, स्वयंपाकघराचं घर घे, एका संध्याकाळी खिचडी टाकता येईल. कांदा-लसूण मसाल्याची पुडी मी आणतेय.

अकादेमिया मंगळवारी दुपारी आणि उफ्फित्सी बुधवारी सकाळी, दोन्हीचं वेळेचं बुकिंग आधीच. तिथल्या मोठ्या चर्चचा, ब्रुनेलेस्कीने रचलेला घुमट तुम्ही दोघं चढा. 463 पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वाट पुढे इतकी अरुंद होते की मधेच माघारी वळता येत नाही. बाबा हट्ट धरतील, कारण खाली लाकडी आधार न उभारता एवढा घुमट कसा रचला हे त्यांनी पाटबंधारे खात्यात असल्यापासून मनावर घेतलंय. त्यांना चौकातल्या बाकावर बसवून मी त्यांच्याशी बोलत बसेन. टेकडीवरच्या पियाझाले मिकेलांजेलो चौकाला बस वर जाते, तिथून घुमट पूर्ण दिसतो.

बाबांचा घुमट रोमला आहे, एकही पायरी न चढता. पँथिऑन, जुनं रोमन देऊळ. 43 मीटर रुंद, काँक्रीटचा, आत एक सळई नाही, आणि 1900 वर्षं होत आली. वर मधोमध उघडं भोक, पाऊस आला की सरळ आत पडतो, फरशीला पाणी जायला बारीक छिद्रं ठेवलीत. तिकीट 5 युरो. बाबा ती छिद्रं शोधत बसणार, तेव्हा तासभर धर. त्याच भागात सान लुइजी दे फ्रांचेजी नावाचं चर्च आहे, आत काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं आहेत. चॅपेलमध्ये अंधार असतो. बाजूच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो आणि थोड्या वेळाने विझतो. मग सगळे एकमेकांकडे बघतात, आता कोण टाकणार म्हणून. सुटी नाणी खिशात ठेव. चर्च फुकट आहे, पण दुपारी बंद असतं.

व्हॅटिकनची म्युझियमं महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी बंद, म्हणून ती शुक्रवारी. खांदे, गुडघे झाकलेले हवेत, तुझी ती अर्धी चड्डी म्युनिकला ठेवून ये. कोलोसियम शनिवारी. त्याची तिकिटं नावानिशी असतात, तेव्हा आमची नावं पासपोर्टवर आहेत तशीच घाल, बाबांच्या नावातलं मधलं नाव विसरू नकोस. रविवारी मेट्रोने आक्वेदोत्तीच्या बागेत जाऊ. शहरात बाहेरून पाणी आणणाऱ्या रोमन कमानी शेतात रांगेने उभ्या आहेत, तिकीट नाही, गर्दी नाही. ट्रेवीच्या कारंज्यावर सगळे नाणी टाकायला जातात. बाबांना तिथे एवढंच सांग की हे पाणी आग्रिपा नावाच्या रोमन सेनापतीने इसवी सनापूर्वी 19 मध्ये आणलेल्या आक्वा व्हिर्गो पाटाचं आहे, पाट डागडुजी होत अजून चालू आहे. मग ते हलायचे नाहीत.

सोरेंटो गेलं की जवळचं पाँपेई, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं जुनं रोमन शहर, तेही गेलं. त्यासाठी तुझे बाबा कुरकुर करतील. त्यांना मी ओस्तिया आंतिका दाखवून गप्प करणार आहे. रोमचं जुनं बंदर, नदीने गाळ टाकून मागे ढकललेलं. रोमच्या साध्या मेट्रोच्या तिकिटात जाता येतं, अर्धा तास. मजल्यांवर मजले असलेल्या चाळी, हमामखाने, दगडी काउंटरचं खानावळीसारखं दुकान, सगळं आहे. पाँपेईची राख तेवढी नाही. तेही सोमवारी बंद असतं, म्हणून गुरुवारी रोमला लवकर पोचलो तर त्याच दुपारी, नाहीतर शनिवारी कोलोसियम उरकून.

मिलान, व्हेरोना, चिंक्वे तेर्रे, सोरेंटो कापले म्हणून मुग्धाला वाईट वाटेल. तिला सांग, ते तुमचं दोघांचं. म्युनिकहून तुम्ही एखाद्या लांब सुटीला जाऊ शकता. चिंक्वे तेर्रेची गावं म्हणजे नुसते चढ-उतार. कोर्निल्याला तर स्टेशनपासून गावात जायलाच साडेतीनशेच्या वर पायऱ्या. आम्ही तिथे खालीच बसून राहणार आणि तुमचाही विरस करणार. मिलानचं लिओनार्दोचं 'द लास्ट सपर' चित्र बघायला फार आधी बुकिंग लागतं आणि आत पंधरा मिनिटं सोडतात, तेवढ्यासाठी मिलानला मुक्काम नको. तोस्कानात, म्हणजे फ्लॉरेन्सच्या आसपासच्या प्रांतात, गाडी भाड्याने घ्यायचा विचारही सोड. जुन्या गावांत बंदी असलेल्या भागात चुकून शिरलास की कॅमेरा फोटो काढतो आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरी येते.

आता कागदपत्रं. आमचे जास्त दिवस तुझ्याकडेच जाणार, म्हणून व्हिसाचा अर्ज जर्मनीकडे करायचा, इटलीकडे नाही. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. प्रत्येक रात्र कुठे काढणार हे दाखवावं लागतं, म्हणून हॉटेलं सध्या रद्द करता येतील अशीच धर. विमा निदान 30,000 युरोचा हवा, तो मी इथे काढते. वेगवान गाड्यांची तिकिटं लवकर काढली तर स्वस्त पडतात, पण सगळ्यात स्वस्त तिकीट बदलता येत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत, तेव्हा व्हिसा हातात आल्यावरच काढ. पिसाच्या रीजनल गाडीला घाई नाही, भाव तोच राहतो. कागदी तिकीट असलं तर गाडीत चढायच्या आधी मशीनमध्ये शिक्का मारायचा.

मला तुझं उत्तर फोनवर नको. तक्ता दुरुस्त करून पाठव, वार घालून. रोमचं घर बघताना कितव्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट आहे का हे आधी विचार. पैशांचं म्हणशील तर विमान आणि रोमचं घर आमच्याकडे, बाकी तुमच्याकडे. यावर बाबांचं आणि माझं एकमत झालंय, तू मधे पडू नकोस.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात, व्हेनिसमधली एक रात्र कमी करून रोमला द्या. मी नाही म्हटलंय. तुला त्यांचा वेगळा मेसेज आला तर माझ्याकडे पाठव.