रथसप्तमीचे नमस्कार आकड्यासाठी नकोत

महोदय,

माघ महिना जवळ आला की शाळाशाळांतून सूर्यनमस्कारांची तयारी सुरू होते. रथसप्तमीला मुले मैदानावर रांगा धरतात, ध्वनिवर्धकावरून अंक सुटू लागतात आणि १०८ पुरे झाले की टाळ्या पडतात. मुलांना व्यायामाची गोडी लागावी हा हेतू चांगलाच आहे. पण ज्या मुलाने वर्षभरात एकही नमस्कार घातलेला नाही, त्याच्याकडून एका सकाळी शंभरावर घालून घेणे थांबले पाहिजे.

या आकड्यांच्या समर्थनार्थ प्राचीन परंपरेचा दाखला दिला जातो. योगसूत्रे रचणाऱ्या पतंजलींनी आसनाबद्दल 'स्थिरसुखमासनम्' म्हटले. आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे. स्वात्मारामांच्या हठप्रदीपिका या हठयोगावरच्या जुन्या ग्रंथात १५ आसने सांगितली आहेत, त्यांत सूर्यनमस्कार नाही. उलट शरीराला क्लेश देणाऱ्या क्रिया साधकाने टाळाव्यात असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. त्या ग्रंथावरच्या एकोणिसाव्या शतकातल्या 'ज्योत्स्ना' या टीकेत (स्पष्टीकरणात) ब्रह्मानंदांनी या क्लेशाचे उदाहरण दिले आहे ते 'बहुसूर्यनमस्कारादि', म्हणजे अति संख्येने घातलेले नमस्कार आणि जड ओझी उचलणे. शाळांच्या क्रीडाविभागांनी ही ओळ जरूर वाचावी.

सूर्यनमस्कार शाळेच्या वेळापत्रकात आणण्याचे मोठे श्रेय औंध संस्थानाचे. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ साली गादीवर आले. तरुणपणी ते युजेन सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध शरीरसौष्ठवपटूच्या पद्धतीने व्यायाम करत. पुढे नमस्कारांकडे वळले आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतही त्यांनी ते सुरू केले. औंधची पद्धत १० स्थितींची. तिथेही संख्या मोठ्या असत, हे मान्य. पण त्या रोजच्या अभ्यासाने चढत गेलेल्या संख्या होत्या. शिवाय नमस्काराला बीजमंत्राची, म्हणजे ह्रां, ह्रीं अशा एकाक्षरी मंत्रांची, सूर्याच्या नावांसह जोड होती. ॐ ह्रां मित्राय नमः, ॐ ह्रीं रवये नमः असा दीर्घ उच्चार केला की श्वास आपोआप लांब सुटतो आणि दोन नमस्कारांमध्ये थांबा मिळतो. आज मंत्र ध्वनिवर्धक म्हणतो, मुले फक्त उठतात-बसतात. थांबा गेला तो गेलाच.

आता वेगाचा हिशेब पाहा. सध्या बहुतेक ठिकाणी १२ स्थितींचा नमस्कार शिकवतात. वर उठताना किंवा मागे वाकताना पूरक (श्वास घेणे), पुढे वाकताना रेचक (श्वास सोडणे), साष्टांगात क्षणभर कुंभक (श्वास रोखणे). हे नीट करायचे तर एका नमस्काराला पाऊण ते एक मिनिट लागते. स्पर्धेत तोच १० सेकंदांत उरकतात, म्हणजे एका स्थितीला सेकंदही मिळत नाही. एवढ्यात श्वासाचा मेळ बसणे शक्य नाही. मूल श्वास कोंडून धरते किंवा तोंडाने धापा टाकते, आणि काहींना मग गरगरते.

सर्वांत जास्त बिघडते ते साष्टांगात. कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन्ही पायांचे चवडे ही आठ अंगे टेकवायची. पोट जमिनीपासून वर, नितंब किंचित उचललेले. दंडात ताकद नसेल तर आठ-दहा नमस्कारांनंतर हात सुटतात आणि मूल पोटावर आदळते. तिथून भुजंगासनात येताना छाती पुढे नेऊन पाठीच्या स्नायूंनी उठायचे असते. थकलेले मूल कोपरे ताठ करून हातांनी रेटा देते. खांदे कानांपर्यंत चढतात, मान मागे टाकली जाते आणि सगळा बाक कमरेच्या खालच्या मणक्यांत पडतो. दुसऱ्या दिवशीची कंबरदुखी इथली असते.

दुसरी चूक पाय पुढे घेताना. हात-पाय टेकून कंबर वर ठेवलेल्या पर्वतासनातून पाऊल दोन तळहातांच्या मध्ये यायला हवे, पण ते वीतभर मागेच राहते आणि मूल तळहात मागे सरकवून घेते. तळहात सुरुवातीला टेकले तिथेच शेवटपर्यंत राहिले पाहिजेत, बोटे समोर. पाऊल पोचत नसेल तर आधी कंबर आणखी उचलावी, तरीही अडले तर घोटा हाताने धरून पुढे आणावा. एक पाय मागे ताणलेल्या अश्वसंचालनासनात पुढचा गुडघा घोट्याच्या पुढे जाऊ देऊ नये. ज्या पायाने मागे गेलो तोच पुढे आणायचा, आणि पुढच्या नमस्कारात पाय बदलायचा. म्हणून संख्या नेहमी सम ठेवावी. उभ्याने पुढे वाकून हात पायांशी टेकवण्याच्या पादहस्तासनात गुडघे थोडे वाकले तर चालेल, झटका देऊन हात टेकवणे मात्र नको.

शाळांनी रथसप्तमीच्या पाच आठवडे आधी सुरुवात करावी. पहिल्या आठवड्यात रोज ४, मग दर आठवड्याला २ वाढवत पाचव्यात १२. रथसप्तमीलाही १२ च घालावेत; सूर्याच्या बारा नावांचे बारा नमस्कार पुरेसे आहेत. जेवणानंतर तीन तास गेलेले असावेत. घड्या पडणारी सतरंजी घसरते आणि मनगट मुरगळते, त्यामुळे सपाट चटई हवी. प्रत्येकाला दोन हात पसरता येतील एवढी जागा द्यावी. हर्निया, अलीकडे झालेली पोटाची शस्त्रक्रिया, मनगटाची किंवा पाठीची दुखापत असलेल्या मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय उभे करू नये. दम्याचा त्रास असलेल्यांना सावकाश घालू द्यावेत आणि त्यांचा पंप हाताशी असावा. पाळीच्या दिवसांत मुलीला कारण न विचारता बसू द्यावे. बक्षीस द्यायचेच असेल तर साष्टांगात पोट टेकले नाही, तळहात हलले नाहीत, श्वास नाकाने चालू राहिला, एवढे पाहून द्यावे. शेवटी पाच मिनिटे शवासनासाठी वेळापत्रकातच राखून ठेवावीत. घंटा झाली म्हणून मुलांना धापा टाकत वर्गात पिटाळू नये.

– काही योगशिक्षक, सातारा