गळ्याचे ऑपरेशन नागपुरात, तिसरा दिवस गावात

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गडचिरोली असो, यवतमाळ असो की मेळघाट, गळ्याला मोठी गाठ आली की पेशंट नागपूर किंवा सेवाग्राम गाठतो. थायरॉईड, म्हणजे गळ्यातली ग्रंथी, काढण्याचे ऑपरेशन आता पुष्कळ सुरक्षित झाले आहे. टाके वाळायच्या आत माणूस घरी येतो. आमचे म्हणणे त्यापुढचे आहे. या ऑपरेशननंतर रक्तातले कॅल्शियम घसरते ते बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसात, आणि तोवर पेशंट एसटीत बसलेला असतो नाही तर गावात पोचलेला असतो.

आधी एक गैरसमज दूर करू. रिपोर्टमध्ये 'थायरॉईड निघाला' की लोक लगेच ऑपरेशनचे विचारतात. ग्रंथी नुसती मंदावली असेल, टीएसएच (ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) वाढला असेल, तर गोळी पुरते. ऑपरेशन लागते ते सुईच्या तपासणीत कर्करोग किंवा त्याचा संशय आला तर, गाठीने श्वासनलिका दबून आडवे पडले की दम लागत असेल तर, किंवा ग्रंथी भरमसाट चालते आणि औषधाला दाद देत नाही तेव्हा. या शेवटच्या प्रकारात घाई अजिबात नको. कार्बिमॅझोल (ग्रंथी मंदावणारी गोळी) आणि प्रोप्रॅनोलॉल (नाडी उतरवणारी गोळी) देऊन आधी नाडी आणि टी-थ्री, टी-फोर ही ग्रंथीची संप्रेरके ताळ्यावर आणावे लागतात, त्यात काही आठवडे जातात. ते न करता भूल दिली तर ताप आणि नाडी इतकी भडकते की जीव जाऊ शकतो. कार्बिमॅझोल चालू असताना ताप येऊन घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. त्या एकदम कमी झालेल्या असू शकतात. साधी सर्दी म्हणून सोडून देऊ नये.

ऑपरेशन पूर्ण भुलीखाली होते. खांद्याखाली उशी देऊन मान मागे करतात आणि गळ्याच्या घडीतच आडवा छेद घेतात. स्नायू मधोमध बाजूला सारले की श्वासनलिकेला फुलपाखरासारखी चिकटलेली ग्रंथी दिसते. काढायची तर एक बाजू किंवा पूर्ण, हे आजारावर ठरते. खरे कौशल्य पुढे लागते. ग्रंथीच्या मागून आवाजाची नस जाते. ती एका बाजूला दुखावली तर आवाज घोगरा होतो, पाणी पिताना ठसका लागतो. दोन्ही बाजूंना दुखावली तर श्वासच अडतो. वरच्या टोकाच्या रक्तवाहिन्यांजवळ आणखी एक बारीक नस असते. ती गेली तर रोजचे बोलणे बरे वाटते, पण वावराच्या एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्याला हाक मारता येत नाही. अनुभवी हातांत आवाजाच्या नसेची कायमची इजा शंभरात एक-दोघांना होते. म्हणून ऑपरेशनआधी कान-नाक-घसा डॉक्टरांकडून स्वरतंतू तपासून घ्यावेत. नस आधीच लुळी असली तर ते तेव्हाच कळते.

पहिल्या चोवीस तासांत धोका रक्तस्रावाचा. गळा टणक फुगला, आवाज जड झाला, पेशंटला आडवे होववत नाही असे दिसले, तर नातेवाइकांनी ओरडून सिस्टरला बोलवावे. अशा वेळी टाके खाटेवरच उघडायचे असतात, थिएटर रिकामे होण्याची वाट पाहायची नसते.

आता कॅल्शियमकडे येऊ. ग्रंथीच्या पाठीमागे बहुधा चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, प्रत्येक मसुराच्या दाण्याएवढी. रक्तातले कॅल्शियम त्या सांभाळतात. दिसायला त्या चरबीच्या कणासारख्या, म्हणून कधी चुकून थायरॉईडबरोबर निघून जातात. जागेवर राहिल्या तरी त्यांचा रक्तपुरवठा थायरॉईडच्याच धमन्यांतून येतो, त्यामुळे त्या काही दिवस सुन्न पडतात. पूर्ण थायरॉईड काढलेल्यांत तात्पुरते कॅल्शियम कमी होणे बरेच आढळते, आणि बहुतेकांचे ते काही आठवड्यांत सुधारते. मधले दिवस निभावून न्यावे लागतात.

सुरुवात ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येण्याने होते. मग हात आखडतो. कासार बांगडी चढवताना हात कसा आवळतो ते आठवा: अंगठा तळव्यात, चारही बोटे सरळ आणि एकमेकांना चिकटलेली. अगदी तसाच हात होतो, आणि सोडवू म्हटले तरी सुटत नाही. गावात याला कोणी फिट म्हणतो, कोणी बाहेरची बाधा, कोणी अशक्तपणा म्हणून सलाइन लावून देतो. साध्या सलाइनमध्ये कॅल्शियम नसते. भोवती गर्दी झाली की बाई घाबरून भराभर श्वास घेते आणि त्याने हात आणखीच आखडतो. दवाखान्यात शंका असेल तर बीपीचा पट्टा वरच्या बीपीपेक्षा थोडा जास्त फुगवून तीन मिनिटे ठेवावा. हात तसा वळला तर शंका पक्की होते.

नुसत्या मुंग्या असतील तर ठरल्यापेक्षा कॅल्शियमच्या एक-दोन गोळ्या जास्त चावून खायला द्याव्यात आणि त्याच दिवशी रक्त तपासावे. हात आखडला, घशात घरघर आली किंवा झटका आला, तर शिरेतून १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली, सावकाश, किमान १० मिनिटे घेऊन, नाडीवर बोट ठेवून द्यावे, आणि मग पेशंट पुढे पाठवावा. शीर चांगली हवी, कारण औषध बाहेर झिरपले तर कातडी जळते. हे इंजेक्शन शोधायला लांब जावे लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या प्रसूतिकक्षात मॅग्नेशियम सल्फेटचा (गरोदरपणातल्या झटक्यांवरच्या इंजेक्शनचा) उतारा म्हणून तेच ठेवायचे असते. ते या पेशंटलाही लागू आहे, एवढेच लक्षात यायला हवे.

औषधाच्या दुकानातही एक चूक होते. चिठ्ठीवर कॅल्सिट्रिऑल लिहिलेले असते, ते नसले की 'व्हिटॅमिन डीच आहे' म्हणून ६०,००० युनिटचे आठवडी पाकीट हातात ठेवतात. ते पाकीट शरीरात कामाला लागायला पॅराथायरॉईडचेच संप्रेरक लागते, आणि इथे उणीव नेमकी त्याचीच असते. कॅल्सिट्रिऑल हे व्हिटॅमिन डीचे कामाला तयार रूपच आहे. बदलून घेऊ नये.

पूर्ण ग्रंथी काढली की लेव्होथायरॉक्सिन (थायरॉईड संप्रेरकाची गोळी) जन्मभर घ्यावे लागते. स्वित्झर्लंडचे सर्जन थिओडोर कोखर यांना थायरॉईडवरील कामासाठी १९०९ चे नोबेल मिळाले. पूर्ण ग्रंथी काढलेली माणसे सुजट, थंड आणि मंद होत जातात हे त्यांनी १८८३ मध्येच नोंदवले होते. गोळी सोडली की आजही तेच होते. फसगत अशी की हे औषध रक्तातून निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, म्हणून गोळी बंद करून पंधरवडा गेला तरी फारसे जाणवत नाही आणि 'गोळीशिवाय बरं आहे' असे वाटू लागते.

डोस साधारण वजनाच्या किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम: ४५ किलोच्या बाईला ७५, ६० किलोच्या माणसाला १००. पहाटे उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी, चहा अर्ध्या ते एक तासाने. वेचणीच्या दिवसांत तेवढा वेळ नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, पण वेळ रोज एकच हवी. उपासाच्या दिवशीही चुकवू नये. कॅल्शियम आणि आशाताईने दिलेली लोहाची गोळी, दोन्ही चार तासांच्या अंतराने, नाहीतर पोटातच बांधल्या जाऊन थायरॉक्सिन अंगी लागत नाही. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासावा. दिवस राहिल्याचे कळताच डॉक्टरांकडे जावे, डोस वाढवावा लागतो. २५ मे, म्हणजे जागतिक थायरॉईड दिन, आपल्याकडे नवतप्याच्या तोंडावर येतो. टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या गोळीचा जोर त्या उन्हात कमी होतो. बाटली मूळ झाकणासह माठाजवळच्या गार, कोरड्या कोनाड्यात ठेवावी.

मोठ्या रुग्णालयांना विनंती आहे की सुटीच्या कार्डावर मराठीत इतके लिहावे: एक बाजू काढली की पूर्ण, सुटीच्या दिवशीचे कॅल्शियम, कॅल्शियम आणि लेव्होथायरॉक्सिन या दोन्ही गोळ्यांच्या वेळा, टीएसएचची तारीख आणि काढलेल्या ग्रंथीच्या बायोप्सीचा रिपोर्ट कधी न्यायचा ते. हा रिपोर्ट न्यायला अनेक जण परत येतच नाहीत, आणि एकच बाजू काढलेल्यांत त्यात कर्करोग निघाला तर कधी दुसरी बाजूही काढावी लागते. लेव्होथायरॉक्सिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती गोळी बारमाही मिळावी. आणि ज्याचे गाव दीडशे किलोमीटर आत आहे, त्याला चौथा दिवस उलटेपर्यंत खाट सोडायला लावू नये.

आपले,
ग्रामीण रुग्णालयात काम करणारे काही डॉक्टर व परिचारिका
यवतमाळ जिल्हा