आप्पा, त्या एका पानाबद्दल

आदरणीय आप्पा,
सा. न. वि. वि.

बुद्धिबळ स्पर्धा संपून आठवडा झाला. बाकं वर्गात परत गेली, घड्याळं खोक्यात गेली, पोरं आपापल्या गावी पोचली. पण दुसऱ्या फेरीत सातव्या पटावर पंच म्हणून तुम्ही जे केलंत ते अजून मनातून जात नाही. समोर आभार मानले तर तुम्ही हात झटकून पुढच्या फेरीच्या जोड्या लावायला निघून जाल, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

अक्कलकुव्याकडून आलेला तो नऊ-दहा वर्षांचा मुलगा आठवत असेल. समोरच्याने उंटाने शह दिला. या पोराने राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं लांब नेऊन ठेवला. समोरचा मुलगा फिस्सकन हसला, घड्याळ थांबवून त्याने हात वर केला. मागे उभी असलेली दोन मोठी माणसंही हसली. पोराचे कान लाल झाले. तो पटाकडे बघत राहिला, कारण आपलं काय चुकलं हेच त्याला कळलं नव्हतं.

तुम्ही आलात आणि उकिडवे बसलात. उभ्याने खाली वाकून बोलला नाहीत, तुमचे डोळे त्याच्या डोळ्यांसमोर येतील इतके खाली बसलात. नियमात तुम्ही तसूभर सूट दिली नाही. राजा मूळ घरी आला, समोरच्याच्या घड्याळात दोन मिनिटं वाढली आणि राजाला हात लागला होता म्हणून राजाच हलवायचा, हेही तुम्ही सांगितलंत. एवढं झाल्यावर हळूच म्हणालात, "तुनी चूक नही रे भो, आठला नियम दुसरा शे." तुझी चूक नाही रे भाऊ, इथला नियम वेगळा आहे.

तो डाव पोरगा हरलाच. फेरी संपल्यावर तुम्ही त्याला बाजूला घेतलंत आणि विचारलंत, बुद्धिबळ कोणी शिकवलं. आजोबांनी, म्हणाला. मग तुम्ही चाली लिहायची एक कोरी स्कोअरशीट उलटी केलीत, मधोमध पेनाने रेघ मारलीत आणि दोन बाजूंना दोन मथळे लिहिलेत. डावीकडे 'आजोबांचा डाव', उजवीकडे 'स्पर्धेचा डाव'. 'चूक' आणि 'बरोबर' असे मथळे तुम्ही लिहिले नाहीत. आमचे आभार खरं तर या दोन मथळ्यांसाठी आहेत.

आपल्याकडे पारावर, ओट्यावर अजून देशी रीतीने पट मांडला जातो, हे स्पर्धा भरवणाऱ्या कितीतरी जणांच्या गावीही नसतं. त्या पानावर तुम्ही लिहिलंत ते इथे उतरवतो, म्हणजे दुसऱ्या शाळांनाही उपयोग होईल. आजोबांच्या डावात राजासमोर वजीर येतो. स्पर्धेत राजासमोर राजा आणि वजिरासमोर वजीर, आणि पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा काळ्या घरात. पट मांडताना आपल्या उजव्या हाताचा कोपरा पांढरा हवा. आजोबांचं प्यादं एकेक घर चालतं. स्पर्धेत पहिल्या चालीला दोन घरं टाकता येतात, आणि म्हणूनच शेजारून निसटू पाहणारं प्यादं वाटेत मारण्याचा तो नियम आहे, जो खेड्यातल्या पोराला अन्याय वाटतो. जिथे दोन घरांची चालच नाही, तिथे त्या नियमाची गरज कुठून पडणार? आजोबांचा राजा डावात एकदा अडीच घरांची उडी मारू शकतो. स्पर्धेतल्या राजाला त्याऐवजी किल्लेकोट आहे, म्हणजे राजा हत्तीकडे दोन घरं सरकतो आणि हत्ती त्याच्या पलीकडे शेजारी येतो: राजा आणि हत्ती आधी हललेले नसावेत, मधली घरं मोकळी असावीत, राजाला शह बसलेला नसावा, तो ज्या घरावरून जाईल किंवा ज्या घरात पोचेल तिथेही नसावा. आणि हात आधी राजाला लावायचा. आजोबांचं प्यादं शेवटच्या घरात पोचलं की त्या रांगेचा जो मोहरा असेल तो होतं, घोड्याच्या रांगेत गेलं तर घोडा. स्पर्धेत हवा तो मोहरा घ्या, वजीर आधीचा जिवंत असला तरी दुसरा वजीर घ्या.

पाच फरक, पाच ओळी. एवढ्याशा ओळी न सांगितल्यामुळे किती पोरं पहिल्याच स्पर्धेत हरून परत गेली आणि पुन्हा पटाकडे फिरकली नाहीत!

त्याच पानाच्या तळाशी तुम्ही मीर सुलतान खान हे नाव लिहिलंत. पंजाबातल्या खेड्यातला हा माणूस आधी देशी नियमांनीच शिकला होता. स्पर्धेचे नियम त्याने मोठेपणी आत्मसात केले, आणि १९२९, १९३२, १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली. इंग्लंडातल्या हेस्टिंग्जला त्याने माजी विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवलं. २०२४ साली फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. पोरगा हे नाव दिवसभर तोंडातल्या तोंडात म्हणत होता.

आता थोडं कडू. याआधी आमच्या पट्ट्यात जे झालं ते बोलल्याशिवाय तुमचं मोल कळणार नाही. एका संयोजकांच्या स्पर्धेत दोन-दोन फुटांचे चषक टेबलावर ओळीने मांडले होते आणि बावीस पटांना घड्याळं तीन होती. उद्घाटनाच्या भाषणांनी पहिली फेरी दोन तास पुढे गेली, मग वेळ भरून काढायला सहा फेऱ्यांच्या चार केल्या. चाळीसच्या वर खेळाडू आणि चार फेऱ्या! साधं गणित आहे. सारख्या गुणांचे एकमेकांशी खेळतात, म्हणून प्रत्येक फेरीत पूर्ण गुण असलेले निम्मे होतात. सोळा जणांना चार फेऱ्या पुरतात, बत्तिसांना पाच, चौसष्टांना सहा. चाळीसांत चार फेऱ्या घेतल्या की दोन-तीन मुलं पूर्ण गुणांवर अडकतात, आणि पहिला कोण हे एकमेकांशी न खेळताच टायब्रेकच्या, म्हणजे बरोबरी सोडवायच्या, आकड्यांवर ठरतं. त्या दिवशी तसंच झालं. दुसऱ्या आलेल्या मुलीच्या आईने कारण विचारलं, तर तिला "कॉम्प्युटरने काढलंय" एवढंच उत्तर मिळालं. तुम्ही मात्र शेवटच्या फेरीआधीच फळ्यावर बुखोल्झ समजावलंत: ज्यांच्याशी आपण खेळलो त्यांच्या गुणांची बेरीज, म्हणजे तगडे प्रतिस्पर्धी वाट्याला आले असतील तर बेरीज मोठी. पाच मिनिटांत आयांना समजलं. समजावणाऱ्याची इच्छा असेल तर सगळं समजतं.

तुम्ही आदल्या संध्याकाळीच आलात. कोणी बोलावलं नव्हतं. आलात आणि मोहऱ्यांच्या पिशव्या मोजायला बसलात, प्रत्येक पिशवीत चौतीस. बत्तीस आणि दोन जादा वजीर. हे जादा वजीर का, ते चौथ्या फेरीत सगळ्यांना दिसलं. एका मुलीचं प्यादं शेवटच्या घरात गेलं. सवयीने तिने मेलेला हत्ती उलटा करून ठेवायला उचलला, आणि शेजारीच वजीर दिसल्यावर तो खाली ठेवून वजीर घेतला. घरी उलटा हत्ती म्हणजे वजीर चालतो, पण स्पर्धेत उलटा हत्ती हा हत्तीच. तो तिरपा चालवला की नियमबाह्य चाल, आणि अशी दुसरी चाल झाली की डाव गेला. जिंकत आलेला डाव एका प्लास्टिकच्या तुकड्यावाचून जाऊ नये, एवढ्यासाठी तुम्ही घरून वजिरांची वेगळी डबी आणली होती.

बाकांचंही तसंच. शाळेचं बाक जेमतेम फूटभर रुंद आणि आपला रेग्झिनचा पट वीस इंचांचा. तो दोन्हीकडून लोंबतो आणि कोपर लागला की मोहरे कोसळतात. तुम्ही दोन-दोन बाकं समोरासमोर जोडून पाय सुतळीने बांधायला लावलेत, उंची कमी-जास्त होती तिथे पुठ्ठ्याच्या घड्या सरकवल्यात. गुंडाळलेले पट रात्रभर उलट्या बाजूने गुंडाळून ठेवले म्हणून सकाळी सपाट बसले. कूलरचा झोत पटांवर येत होता, तो तुम्ही भिंतीकडे वळवलात. खानदेशातल्या उन्हाळ्यात कूलर बंद करता येत नाही, आणि झोत अंगावर असेल तर स्कोअरशीट उडते. ती धरायला मुलं डावा हात अडकवतात, मग उजव्याने चाल आणि डाव्याने घड्याळ अशी सवय लागते. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं असतं. एका कूलरमुळे नियम कसा मोडतो, हे बघायला तुमच्यासारखी नजर लागते.

घड्याळं बारा आणि पट वीस, ही अडचणही तुम्ही कुणाला न दुखवता सोडवलीत. पहिल्या बारा पटांना पंधरा मिनिटं अधिक प्रत्येक चालीला पाच सेकंद. उरलेल्या आठांना घड्याळाशिवाय सुरुवात, आणि पंचवीस मिनिटांनी जे डाव चालू असतील त्यांना रिकामी झालेली घड्याळं, दोघांना पाच-पाच मिनिटं. लहान पोरांचे निम्मे डाव दहा-पंधरा मिनिटांत संपतात, त्यामुळे शेवटी घड्याळं उरली. एका डावाला जास्तीत जास्त चाळीसेक मिनिटं, मध्ये दहा मिनिटं जोड्यांना, असा सहा फेऱ्यांचा दिवस तुम्ही आधीच आखून भिंतीवर लावला होता. दुपारी लाईट गेली, लॅपटॉपही मिटला, तरी तुम्ही थांबला नाहीत. खिशातून पुठ्ठ्याची कार्डं निघाली. प्रत्येक मुलाचं एक कार्ड: गुण, रंग, आधीचे प्रतिस्पर्धी. सारख्या गुणांची कार्डं एकत्र, वरचा अर्धा खालच्या अर्ध्याशी, आधी खेळलेली जोडी नको, एकच रंग लागोपाठ तिसऱ्यांदा नको. बारा मिनिटांत फेरी लागली.

पालकांना तुम्ही दाराबाहेर काढलंत, पण बाहेर सतरंजी आणि पाण्याचा माठ आधीच ठेवलेला होता. काढणं आणि हाकलणं यात फरक असतो. त्या सतरंजीच्या कडेला दोन पट मांडून ठेवले होते. डाव संपला की दोन्ही मुलांनी तिथे बसून तो पुन्हा मांडायचा, हरलेल्याने आधी बोलायचं. जिंकलेलं पोर समोरच्याला "तू इथे घोडा आणला असतास तर मी अडकलो असतो" असं सांगतं, तेव्हा हरल्याची बोच निम्मी होते. आणि शिकायला मिळतं ते तर खरं तिथेच. चार चालींत मात द्यायची युक्ती पाठ करून आलेल्या मुलांना त्याच सतरंजीवर कळलं की घोडा वेळेवर एफ ६ या घरात आला की आपला वजीर नुसता पळत सुटतो.

रेटिंगबद्दल, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याबद्दलही तुम्ही पालकांना खरं तेच सांगितलंत. क्लासवाले सहा महिन्यांत रेटिंग मिळवून देण्याच्या गोष्टी करतात. तुम्ही सांगितलंत की मार्च २०२४ पासून फिडेच्या यादीत यायला किमान १४०० लागतात, रेटिंग असलेल्या किमान पाच जणांशी डाव व्हावे लागतात, आणि त्यासाठी लगेच पुण्या-मुंबईच्या गाडीत बसायची घाई नको. आधी एकट्या हत्तीने मात देता यायला हवी, दोन वजीर असताना समोरच्याचा राजा चालीवाचून कोंडून डाव बरोबरीत जाऊ नये, रोज पंधरा-वीस कोडी सोडवावीत, आणि मोबाइलवरचे तीन मिनिटांचे डाव कमी करून आठवड्यातून दोन तरी सावकाश, लिहून खेळलेले डाव व्हावेत. हे ऐकून एक-दोन बाप नाराज झाले. तरी तुम्ही शब्द फिरवला नाही.

जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला, शेजारच्या नाशिकचा विदित गुजराथी ऑलिम्पियाडच्या सुवर्णपदकापर्यंत पोचला. त्यांचे फोटो आता आपल्याकडच्या वर्गांतही लागलेत, आणि लागावेत. पण फोटोपासून पटापर्यंत पोराला हाताला धरून आणणारं माणूस लागतं. ते दर तालुक्याला एक असतं तरी पुष्कळ झालं असतं. नियम माहीत असलेली माणसं भेटतात, मायाळू माणसंही भेटतात. नियम जसाच्या तसा लावून पोराचा मान राखणारा माणूस क्वचित भेटतो. मानधनाचं पाकीट तुम्ही उघडलंही नाहीत. त्यातून पुढच्या वेळेसाठी घड्याळं घ्या म्हणालात, आणि संध्याकाळच्या पॅसेंजरला उभ्याने गेलात.

त्या मुलाला शेवटी सहापैकी अडीच गुण मिळाले. पाचव्या फेरीत त्याने किल्लेकोट केला, हात आधी राजाला लावून, आणि मान वळवून तुम्ही बघता आहात का ते पाहिलं. तुम्ही तेव्हा दुसऱ्या पटावर होतात, म्हणून हे कळवतो आहोत.

तुमच्या पानाच्या झेरॉक्स काढून आठ शाळांत दिल्या आहेत. मूळ पान मुलाने दिलं नाही, ते त्याने आजोबांना दाखवायला नेलं. आजोबांनी वाचून घेतलं आणि निरोप पाठवला आहे: पंचसाहेब या बाजूला आले तर घरी उतरावं, भाकरी खावी आणि एक डाव खेळावा. डाव्या बाजूच्या नियमांनी.

आपले,
तालुक्यातले काही शिक्षक आणि पालक